आधी प्रश्न की आधी ऐकणं? इंदूरमधले दोन थेरपिस्ट आणि त्यांचे पहिले काही तास

देवासच्या माझ्या चुलत वहिनींनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, "तू दोघांकडेही जाऊन आली आहेस ना? मग सांग, मी कुणाकडे जाऊ?" पाच मिनिटांत उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता. शिवाय इंदूर-देवासच्या आपल्या मराठी घरांतून हाच प्रश्न याआधीही तिघीचौघींनी मला दबक्या आवाजात विचारला आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आई गेल्यानंतर माझी झोप उडाली. तेव्हा मी आधी ओल्ड पलासियाच्या सरांकडे गेले आणि मग विजयनगरच्या मॅडमकडे. ताईचा मुलगा कोचिंगसाठी भंवरकुआला राहतो. परीक्षा जवळ आली की त्याचे हातपाय गार पडायला लागले, जेवण जाईना. तो आधी मॅडमकडे गेला आणि मग सरांकडे. दोघांची नावं देत नाही. दोघंही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, दोघांचीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे. फी जवळपास सारखी आणि वेळही तेवढाच, पन्नास मिनिटं. नवा माणूस समोर येऊन बसला की दोघं जे करतात त्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मॅडमकडचा पहिला तास

आत जाण्याआधीच चार पानी फॉर्म हातात येतो. घरात कोण कोण आहे, कोणती औषधं चालू आहेत, थायरॉइड शेवटचं कधी तपासलं, याआधी कुणाला दाखवलं होतं का. मग संमतीपत्र आणि त्यानंतर दोन प्रश्नावल्या. उदासीसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं. प्रत्येक प्रश्नाला 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत चार पर्याय, शून्य ते तीन गुण. पहिलीचे जास्तीत जास्त २७, दुसरीचे २१. दहा किंवा त्यापुढे आकडा गेला की नीट तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. हे निदान नव्हे. माझे उदासीचे १४ आले. मॅडमनी तो कागद फाइलमध्ये न टाकता माझ्यापुढे ठेवला आणि सहा आठवड्यांनी हाच पुन्हा भरून दोन्ही शेजारी ठेवून पाहू, असं सांगितलं.

त्यानंतरही प्रश्नच. अंथरुणाला पाठ कधी टेकते, जाग कधी येते, दिवसात चहा किती, दुपारी डुलकी लागते का. पाळी अनियमित झाली आहे का, रात्री एकदम अंगाची लाही होते का, हेही त्यांनी विचारलं. मी ४७ वर्षांची होते. माझ्या मनात झोप फक्त आईशी जोडलेली होती. रजोनिवृत्तीच्या काळात झोप तुटते हे ऐकून माहीत होतं, पण ते स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. त्यांनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायला सांगितलं. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी स्वतःला काय समजलं ते बोलून दाखवलं, चुकत असेल तर दुरुस्त करा म्हणाल्या, आणि आठ ते दहा भेटींत काय काय करायचं हे कागदावर लिहून दिलं. वर एक ओळ होती: रात्री सलग पाच तास झोप.

सरांकडचा पहिला तास

सरांकडे एक पानी संमतीपत्र, बस्स. सर मराठीच आहेत. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "कुठूनही सुरुवात करा. मधूनच केलीत तरी चालेल." आणि गप्प राहिले. मी पन्नास मिनिटं बोलले. बाबांची औषधं, भावाशी घरावरून झालेली बोलाचाली, भाच्याची परीक्षा. बाहेर पडले तेव्हा कित्येक दिवसांनी खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. हे तीन आठवडे चाललं. तिथून दर वेळी हलकी होऊन निघायची आणि रात्री तीनला पुन्हा पंख्याकडे बघत पडायची.

चौथ्या भेटीत मी विचारलं, याने झोप कशी येणार? ते म्हणाले, "तीन भेटींत तुम्ही सगळ्यांबद्दल बोललात. आईंबद्दल एकदाही नाही. मी वाट पाहत होतो." मला रडू आलं आणि रागही आला. त्यांना हे आधीपासून दिसत होतं तर तीन आठवडे मला का सांगितलं नाही? आज विचार केला तर वाटतं, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी 'छे, तसं काही नाही' म्हणून उठून गेले असते. तरीही माझं मत बदललेलं नाही: आपण वाट पाहतो आहोत, एवढं तरी त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. न झोपणाऱ्या माणसाला तीन आठवडे फार मोठे असतात.

मग मी मॅडमकडे गेले. त्यांनी झोपेची वही ठेवायला लावली. डोळे मिटायला लागले की मगच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट गेला. तसं होईल हे त्यांनी आधीच बजावलं होतं, म्हणून टिकले. पाचव्या आठवड्यात सलग साडेचार तास झोपले.

भाच्याचं नेमकं उलटं झालं

तीन वर्षं ओएमआर शीटवरचे गोळे काळे करत आलेल्या मुलाच्या हातात मॅडमकडे प्रश्नावली आली. त्याने ती परीक्षेसारखीच सोडवली, चांगले दिसतील असे पर्याय निवडून. एकूण गुण ४. पाय टेबलाखाली थडथड हलत होता आणि कागदावर सगळं ठीक होतं. पहिली पंधरा मिनिटं ताईही आत बसली होती. घरी करायला त्यांनी एक तक्ता दिला: काय घडलं, मनात काय आलं, शरीरात काय झालं. त्याने तो भरला नाही. गृहपाठ झाला नाही म्हणून क्लास बुडवावा तशी त्याने तिसरी भेट बुडवली.

सरांकडे पहिली सातआठ मिनिटं दोघंही गप्प होते, असं तो नंतर मला म्हणाला. सरांनी ती शांतता भरून काढायचा प्रयत्न केला नाही. मग तोच बोलला: परीक्षेची भीती वाटत नाही, निकाल लागल्यावर घरी जायची वाटते. हे वाक्य कुठल्या प्रश्नावलीत सापडलं असतं? त्याने आपणहून मला सांगितलं आणि इथे लिहायलाही हो म्हणाला, म्हणूनच लिहिते आहे.

यामागे काय आहे

दोघांच्या पद्धती त्यांनी घरी बसून शोधलेल्या नाहीत. मॅडमची घडण सीबीटीची, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची, विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या पद्धतीची. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत ती उभी केली. भेटीला ठरलेली रूपरेषा, मोजता येईल असं ध्येय, घरी करायचं काम ही तिची खूण. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत तिच्या नात्यातलीच. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या व्हिडिओंमुळे ती मराठी घरांत बऱ्यापैकी पोचली आहे. घटना वेगळी, तिच्याकडे बघण्याचा आपला दृष्टिकोन वेगळा आणि होणारा त्रास वेगळा, हे वहिनी मलाच समजावून सांगतात.

सर कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारे. 'पेशंट'ऐवजी 'क्लायंट' हा शब्द १९४० च्या दशकात ज्यांनी रुजवला ते हे रॉजर्स. समोरच्याला अटी न घालता स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः खरं असणं, या तीन गोष्टींवर त्यांनी भर दिला. बदल माणसाच्या आतूनच येतो, थेरपिस्टने त्यासाठी जागा मोकळी ठेवायची, ही त्यामागची श्रद्धा.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये केलेली मांडणी. थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातली जोडी तीन गोष्टींवर उभी असते: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. मॅडम पहिल्या दोनपासून सुरू करतात आणि विश्वास कामातून येईल असं धरतात. सर विश्वासापासून सुरू करतात आणि बाकीचं त्यातून उगवेल असं धरतात. माझ्याकडे विश्वासाला तोटा नव्हता, दिशा नव्हती. भाच्याला आयुष्यभर दिशाच दिल्या गेल्या होत्या. त्यामुळे 'कोणती पद्धत चांगली' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्याकडे यातलं काय कमी आहे?

भाषेचा प्रश्न

इंदूरमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा मुद्दा पद्धतीइतकाच मोठा आहे, आणि डॉक्टर निवडताना कुणी तो विचारातच घेत नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, नोकरीत हिंदी आणि इंग्रजी. आपण तिन्हींत सहज वावरतो, म्हणून वाटतं कुठल्याही भाषेत बोलता येईल. येतंही. मॅडमना मराठी येत नाही. मी त्यांच्याशी हिंदीत बोलायची, आणि 'माँ चली गईं' हे वाक्य मी पहिल्या भेटीत डोळ्यांत पाणी न येता, बातमी सांगावी तसं सांगितलं. सरांकडे तीन आठवडे 'आई' हा शब्द तोंडातून निघाला नव्हता. हिंदीत आई थोडी लांब उभी होती, म्हणून तिच्याबद्दल बोलता आलं.

पण नुसतं सांगणं पुरत नाही. घालमेल, हुरहूर, कोंडमारा, जिवाला लागलेला घोर. हे मी हिंदीत सांगायला गेले की सगळ्याचं 'घबराहट' किंवा 'बेचैनी' होऊन जायचं. हिंदीत शब्द नाहीत असं अजिबात नाही, माझ्या पोटातले शब्द हिंदी नाहीत. सहाव्या भेटीत मी आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलताना अडखळले. मॅडमनी विचारलं, "घर पर आप उन्हें क्या कहकर बुलाती थीं?" मी म्हटलं, आई. त्या म्हणाल्या, हा भाग मराठीत सांगा, मला शब्द कळले नाहीत तरी चालेल. मी दहा मिनिटं मराठीत बोलले. माझ्यासाठी तो त्या सगळ्या भेटींतला सर्वांत मोलाचा वेळ होता. मराठी न येणारी थेरपिस्टही मराठीला जागा देऊ शकते, हे मला तिथे कळलं. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: मधूनच मी मराठीत बोलले तर चालेल का? उत्तरापेक्षा ते कसं दिलं जातं त्याकडे लक्ष द्या.

कुणी पाहिलं तर?

सर मराठी असण्याचा फायदा आहे तसाच तोटाही. रामबाग, नारायणबाग, सुदामानगर, सगळीकडे कुणी ना कुणी कुणाचं तरी नात्यातलं निघतं. गणपतीत, हळदीकुंकवाला, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला तीच माणसं भेटतात. मला हीच धास्ती होती. सरांनी पहिल्याच भेटीत ती स्वतः काढली: "बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख देणार नाही. तुम्ही दिलीत तर देईन." पुढे एका प्रयोगाच्या मध्यंतरात खरंच समोरासमोर आलो. माझ्यासोबत नणंद होती. ते शांतपणे बाजूने गेले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथे दुणावला. ओळखीतल्या, नात्यातल्या माणसाला ते क्लायंट म्हणून घेतही नाहीत.

मॅडमनी हे तोंडी बोलून दाखवलं नव्हतं, पण गोपनीयता कुठे संपते हे त्यांच्या संमतीपत्रात जास्त स्पष्ट होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. तिला अपवादही आहेत: जिवाला धोका असेल तर सांगता येतं, आणि लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे दुसऱ्या पानावर सोप्या हिंदीत लिहिलेलं होतं. सरांच्या कागदावर मोघम होतं.

ताईने एकदा सरांना फोन करून विचारलं, तो काय काय बोलतो? फी ती भरत होती, काळजी तिची होती, विचारणं साहजिक होतं. सर म्हणाले, त्याला विचारल्याशिवाय मी काही सांगू शकणार नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र कळवीन, आणि हे मी त्यालाही सांगितलं आहे. ताई दोन दिवस नाराज होती. मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याचा हक्क त्याचाच. मॅडमनी ताईला पहिल्या भेटीत आत बसवलं ते मला आजही पटत नाही. निदान आधी मुलाला एकट्याला विचारायला हवं होतं.

एक प्रश्न दोघांनीही विचारला

जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का. मॅडमकडे तो पीएचक्यूमधला नववा प्रश्न होता, आणि कागदावर शून्य असूनही त्यांनी तोंडी पुन्हा विचारला. सरांनी पहिल्या भेटीच्या शेवटी, आवाज न बदलता विचारला. असं विचारल्याने कुणाच्या मनात तो विचार नव्याने पेरला जात नाही; उलट असेल तर बोलायला वाट मिळते. खूप खचलेल्या माणसाला दोन भेटींत हे कुणी विचारलंच नाही, तर पद्धत कुठलीही असो, मला तिथे पुन्हा जावंसं वाटणार नाही. आणि आत्ताच, या क्षणी, कुणाला तसं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकीच्या वाटा

पुण्यातल्या मराठी थेरपिस्टशी ऑनलाइन बोलायचा पर्याय मी दोनदा करून पाहिला. भाषा अगदी मनासारखी, ओळखीचं कुणी भेटायची धास्ती नाही. पण आमच्या घरात दार लावून तासभर बसायला खोली नाही, म्हणून मी खाली गाडीत बसून बोलले. ज्यांच्याकडे स्वतःची खोली आहे त्यांनी जरूर विचार करावा. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत माझा पत्ता आणि अडीअडचणीला बोलवायच्या जवळच्या माणसाचा नंबर मागून घेतला. ऑनलाइन देणाऱ्याने हे मागितलंच पाहिजे.

औषधांची गरज असेल तर सायकॉलॉजिस्ट ती लिहून देऊ शकत नाही, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. खाजगीत परवडत नसेल तर सरकारी एमवाय हॉस्पिटल आणि बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. औषधावाचून कुणाचे महिने वाया जाण्यापेक्षा त्या आठ्या परवडल्या.

नोंदणीबद्दल एकच सांगते. 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावलेली दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला मात्र आरसीआयची नोंदणी लागते. तो नंबर मागायला संकोच करू नका. माझ्या दोघांनीही न कुरकुरता दिला.

तर वहिनी

वहिनींना दोन महिने अधूनमधून छातीत धडधडतं, घाम फुटतो, श्वास अपुरा वाटतो. ईसीजी, इको, थायरॉइड सगळं करून झालं, सगळं बरोबर आलं. तरी त्या म्हणतात, "मनाचं काही नाही गं, छातीचंच आहे." अशा माणसाला पहिल्या दिवशी 'कुठूनही सुरुवात करा' म्हटलं, तर त्या दहा मिनिटांत उठतील असं मला वाटतं. धडधड का होते, श्वास जोरात घेतला की हाताला मुंग्या का येतात, हे कुणीतरी कागदावर चित्र काढून दाखवलं, तर त्या बसतील. त्यांचा मोजमापावर विश्वास आहे. बीपीचे आकडे त्या रोज वहीत लिहितात. म्हणून मी मॅडमचं नाव सुचवलं. गरज पडली तर पुढे सर आहेतच, आणि त्यांच्याकडे वेळ मिळायला तसंही तीन आठवडे थांबावं लागतं. एक गोष्ट मात्र मी वहिनींना दोनदा सांगितली: तीन भेटींनंतरही आपण काय करतो आहोत हे कळलं नाही, तर तिथेच, त्यांनाच विचारा. मी सरांना चौथ्या भेटीत विचारलं, ते पहिल्याच भेटीत विचारता आलं असतं.

गुरुवारची अकराची वेळ मिळाली आहे. देवासहून सकाळी नवाची बस धरली तरी पुरते. मी विजयनगरला त्यांना उतरवून घेईन आणि बाहेर बाकावर बसेन. बाहेर आल्या की चहाला जाऊ. आत काय बोलणं झालं ते मी विचारणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.